गाठीच्या लाकडाचा वाडगा: रंग दिला आणि नक्षी हरवली

नवखा कातारी

नमस्कार. गेल्या काही महिन्यांपासून मी लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, लहान वाडगे आणि फुलदाण्या कातत आहे. सरळ रेषेच्या लाकडावर हात बसल्यावर प्रथमच मेपलच्या बर्लचा, म्हणजे खोडावर फुगून आलेल्या गाठीचा, ठोकळा कातायला घेतला. त्यातून सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा आणि ६ मिलिमीटर जाडीचा वाडगा तयार झाला. कातून होईपर्यंत सारे मनाजोगे झाले होते. लाकडावरचे ते बारीक डोळे, त्यांच्याभोवती फिरलेल्या रेषा, कडेला राहिलेली सालीची किनार, सगळे पाहत राहावे असे होते.

घोटाळा पुढे झाला. ८० क्रमांकाच्या काचकागदापासून (क्रमांक जितका लहान तितका कागद खरखरीत) सुरुवात करून १२०, १८०, २४० आणि ३२० अशा क्रमाने, लेथ चालू ठेवूनच, वाडगा घासला. स्पिरिटमध्ये विरघळणारी निळी भुकटी कालवून ती सर्वत्र लावली आणि ती वाळल्यावर त्यावर अंबर रंगाचा हात दिला. कल्पना अशी होती की डोळे निळे राहतील आणि मधली जागा सोनेरी होईल. प्रत्यक्षात संपूर्ण वाडगा शेवाळी हिरवा झाला, डोळ्यांच्या जागी काळपट ठिपके उरले आणि आतल्या बाजूला ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशी गोल गोल काळी वर्तुळे उमटली. सालीचा एक तुकडा निसटत होता म्हणून तेथे सुपरग्लू सोडला होता. त्या जागी रंग मुळीच धरला नाही आणि पांढुरका डाग राहिला. शेवटी चपडीचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश कुंचल्याने लावू लागलो, तर पहिल्याच फटकाऱ्यात कुंचला निळा झाला आणि रंगाचे ओघळ खाली आले.

यांतली कोणती चूक रंगाची, कोणती लाकडाची आणि कोणती माझी, हे मला वेगळे करून पाहता येत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना लेथ

आपण वर्णन इतके नेमके केले आहे की उत्तर बरेचसे त्यातच आले आहे. लाकूड आणि रंग दोन्ही निर्दोष आहेत. क्रम उलटा झाला आहे.

प्रथम डोळ्यांविषयी. साध्या लाकडात तंतू खोडाच्या लांबीला समांतर धावतात, त्यामुळे वाडग्याच्या कोणत्या बाजूला आडवा छेद येणार हे आधीच ठाऊक असते. बर्लमध्ये असंख्य सुप्त अंकुर एकाच जागी दाटलेले असतात आणि प्रत्येकाभोवती तंतू वळसा घेऊन जातात. म्हणून पृष्ठभाग कोठेही कापला तरी काही तंतू आडवे निजलेले आणि काही उभे, म्हणजे तोंड उघडून वर पाहणारे, असे शेजारी शेजारी सापडतात. उभे तंतू म्हणजे उघड्या नळ्यांची जुडीच. रंग दिसला की त्या तो खोलवर ओढून घेतात. निजलेल्या तंतूंवर मात्र रंग वरवर बसतो. आपले डोळे काळपट झाले ते याच कारणाने. बर्ल रंगवण्याची सारी गंमतही याच फरकात आहे. आपण तिचा उपयोग करून घेतला नाही, एवढेच.

उपयोग करून घ्यायचा तो असा. सर्वांत गडद रंग आधी लावावा. काळा, गडद तपकिरी किंवा आपल्याला हवा असलेला निळा. तो पूर्ण वाळू द्यावा. मग २४० किंवा ३२० क्रमांकाच्या कागदाने पृष्ठभाग पुन्हा घासावा, आणि हात आखडता न घेता घासावा. निजलेल्या तंतूंवरचा रंग भुकटी होऊन निघून जातो, डोळ्यांत आणि वळशांत शिरलेला तसाच राहतो. या टप्प्यावर वाडगा फिकट लाकडावर शाईने रेखाटल्यासारखा दिसू लागतो. त्यानंतरच अंबर किंवा पिवळा, तोही पातळ करून, लावावा. आपण निळा न घासता त्यावर अंबर चढवलात. निळ्यावर पिवळा पडला की हिरवा होणारच, त्याला कोणाचा इलाज नाही. नवखी मंडळी मधले घासणे बहुधा टाळतात, कारण नुकताच लावलेला सुंदर रंग पुसून टाकणे जिवावर येते. माझ्याही आले होते.

आता वर्तुळांविषयी. लेथ चालू असताना काचकागद धरला की प्रत्येक कण एक गोल ओरखडा पाडतो, आणि ८० क्रमांकाने पाडलेले ओरखडे पुढचे कागद घाईत फिरवल्यास तळाशी तसेच राहतात. कोऱ्या लाकडावर ते दिसत नाहीत; रंग त्यांत साचला की एकेक मोजून घ्यावा असा उठून दिसतो. प्रत्येक क्रमांकानंतर लेथ थांबवावा, तोच कागद हाताने रेषा छेदतील अशा दिशेने फिरवावा, धूळ पुसावी आणि दिवा बाजूने, अगदी पृष्ठभागाला घासून जाईल असा धरून पाहावे. स्पिरिटमध्ये ओलावलेले फडके फिरवले तर राहिलेले ओरखडे क्षणभर स्पष्ट दिसतात. स्पिरिट लगेच उडून जाते आणि लाकडाचे तंतू फुगत नाहीत, हा त्याचा फायदा. मात्र ४०० च्या पुढे जाण्याचा मोह टाळावा. लाकूड फार गुळगुळीत झाले की चमकते, पण रंग धरत नाही.

सुपरग्लूचा डाग अटळ होता. तो लाकडाच्या छिद्रांत शिरून घट्ट होतो आणि तेथे रंगाला वाट राहत नाही. भेगा बुजवायच्या असतील तर एकतर सर्व रंगकाम आधी उरकावे, किंवा भरण मुद्दाम दिसेल असे करावे. काळी पूड कालवलेले इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारे भरण, सालीच्या पोकळीत चांगले शोभते, कारण पाहणाऱ्याला ती सावलीच वाटते.

शेवटची गोष्ट पॉलिशची. चपडी स्पिरिटमध्ये विरघळते आणि आपला रंगही स्पिरिटमध्येच विरघळतो. कुंचला टेकताच वरचे पॉलिश खालच्या रंगाला पुन्हा जागे करते. रंग ज्यात विरघळतो ते द्रव्य पॉलिशमध्ये असू नये, हा नियम एकदा मनात बसवून घ्यावा. चपडी लावायची असेल तर पाण्यात विरघळणारा रंग घ्यावा. स्पिरिटचा रंग लावून झाला असेल तर त्यावर तेलाच्या जातीचे वॉर्निश चालते, पण ते स्वतः पिवळसर असते आणि काळानुसार अधिक पिवळे होते, म्हणून निळ्यावर लावताना दहादा विचार करावा. पाण्याचे ॲक्रिलिक वॉर्निश स्वच्छ राहते; त्याखाली पाण्याचा रंग मात्र नको. काही तयार द्रव रंग पाणी आणि स्पिरिट दोन्हींत मिसळतात. तसे असल्यास कोणतेही पॉलिश पहिल्यांदा फवाऱ्यानेच, अगदी पातळ द्यावे आणि वाळल्यावर मग कुंचला किंवा फडके वापरावे.

तिरपी धार

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त काळपट ठिपक्यांचे सारे खापर डोळ्यांवर फोडू नये, असे मला वाटते. त्यांतले काही ठिपके म्हणजे उखडलेले तंतू असण्याची दाट शक्यता आहे. बर्लमध्ये हत्याराची धार एका फेऱ्यात शेकडो वेळा रेषेच्या बाजूने आणि शेकडो वेळा रेषेच्या विरुद्ध जाते. धार जराशी बोथट असली की विरुद्ध बाजूचे तंतू कापले न जाता मुळापासून उपटले जातात आणि खाली सूक्ष्म खड्डे राहतात. तेथेही रंग साचतो. हाताने ओळखायची खूण सांगतो: खरा डोळा बोटाला गुळगुळीत लागतो, उखडलेली जागा मखमलीसारखी खरखरते.

शेवटच्या दोन काटांपूर्वी गोल पटाशी (कातण्याचे पन्हळीसारखे हत्यार) नव्याने पाजवून घ्यावी आणि काट अर्ध्या मिलिमीटरहून जाड घेऊ नये. त्यानंतर स्क्रेपर, म्हणजे खरवडायचे हत्यार, सपाट न धरता सुमारे ४५ अंशांत तिरपा धरून हलकेच फिरवला, तर ढलप्यांऐवजी कापसाच्या पिंजल्यासारखे तलम तंतू निघू लागतात. तसे निघेपर्यंत काचकागदाला हात लावू नये. काचकागद धारेचे काम करू लागला की ८० क्रमांकापासून सुरुवात करण्याची वेळ येते. बरोबर कापलेल्या बर्लला १५० पासून घासले तरी पुरते.

थोडे विषयाला सोडून, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. सालीचे कप्पे असलेला ठोकळा फिरत असताना त्यातून तुकडा सुटणे ही नेहमीची गोष्ट आहे. वेगासाठी एक जुना हिशेब वापरतात: व्यास इंचांत घेऊन त्याला मिनिटातील फेऱ्यांनी गुणले तर उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यावे. आपल्या ८ इंची वाडग्याला त्यामुळे ७५० ते ११२५ फेरे येतात, पण ओबडधोबड, एका बाजूला जड असलेला ठोकळा गोल होईपर्यंत त्याहून बऱ्याच कमी वेगाने चालवावा. संपूर्ण चेहरा झाकणारे कवच घालावे आणि लेथ सुरू करताना ठोकळ्याच्या फिरण्याच्या रेषेत उभे राहू नये. माझ्या कवचावर डाव्या भुवईच्या उंचीवर एक खोल चरा आहे. ते कवच मी बदलून घेतलेले नाही.

मधाचा रंग

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते पटले नाही तरी हरकत नाही. प्रत्येक बर्ल रंगवण्यासाठी नसतो. अक्रोड, अंबोयना, थुया यांच्या गाठींचा मूळ रंगच इतका भरलेला असतो की त्यावर काही लावणे म्हणजे त्यांना गप्प करणे होय. थुया म्हणजे उत्तर आफ्रिकेतील ॲटलास पर्वताच्या परिसरात वाढणारे झाड. त्याच्या मुळाजवळच्या गाठींपासून केलेल्या मेजांसाठी प्राचीन रोममधील श्रीमंत लोक वेडे झाले होते. रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवले आहे की प्रसिद्ध वक्ता सिसेरोने अशा एका मेजासाठी पाच लाख सेस्टर्स (रोमन नाणी) मोजले होते. वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी, चित्त्याच्या ठिपक्यांसारखी नक्षी, मोराच्या पिसाऱ्यातील डोळ्यांसारखी नक्षी असे त्या लाकडाचे प्रकार तो सांगतो, आणि सर्वांत मोलाचा रंग मध मिसळलेल्या मद्याचा, असेही म्हणतो.

फिकट बर्लविषयी मात्र रंगाला माझा विरोध नाही. मेपल, बर्च, पॉप्लर यांच्यावर नक्षी असते पण ती कुजबुजते. तेथे रंग तिचा आवाज वाढवतो. तरीही नवख्यांनी एकाच वस्तूवर दोनांहून अधिक रंग घेऊ नयेत, असे मी सुचवीन. उन्हाचाही विचार करावा. विरघळणारे रंग प्रकाशाने विटतात, काही फार लवकर. ज्यांच्या रेणूत धातू बांधलेला असतो ते तुलनेने अधिक काळ टिकतात. म्हणून वाडगा खिडकीत ठेवण्याआधी त्याच रंगाचा एक तुकडा अर्धा झाकून तेथे ठेवावा आणि काही आठवड्यांनी झाकण काढून पाहावे.

रंगाच्या भुकटीऐवजी दुसरा मार्ग हवा असेल तर लोखंडी काथ्या काही दिवस व्हिनेगरमध्ये भिजत ठेवून ते पाणी गाळून लावावे. लाकडातील टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, लोखंडाचा संयोग होऊन राखाडी ते काळा रंग येतो. ओकवर तो जवळजवळ तत्काळ येतो. मेपलमध्ये टॅनिन कमी असल्यामुळे आधी कडक चहाचे पाणी लावून वाळवावे लागते. डोळे काळे करण्यासाठी पहिला थर म्हणून हा मला भुकटीपेक्षा अधिक आवडतो.

नवखा कातारी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोट फिरवून पाहिले. निम्म्याहून अधिक ठिपके खरखरीत लागले, म्हणजे तिरपी धार यांचा अंदाज खरा ठरला. आता विचारायचे एवढेच की हा वाडगा वाचवता येईल का? पुन्हा चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरून वरचा थर कातून टाकावा म्हटले, तर लेथ फिरवताच कड लहरींसारखी वरखाली होताना दिसली. कातून झाल्यापासून जेमतेम तीन आठवडे झाले आहेत. ठोकळा कोरडा आहे असे मी धरून चाललो होतो.

जुना लेथ

तो कोरडा नव्हता. सरळ रेषेचे ओले लाकूड कातले तर वाळताना वाडगा नीटस लंबगोल होतो, कारण ते एका दिशेने जास्त आकसते. बर्लला अशी एक दिशाच नसते, म्हणून त्याचा पृष्ठभाग जागोजागी दबतो आणि कड लहरते. हाच गुण त्याला तडकण्यापासून बऱ्याच अंशी वाचवतो, हेही खरे.

आता त्याला कातण्याचा प्रयत्न करू नये. फिरणारे हत्यार खरे वर्तुळ कापते आणि आपला वाडगा वर्तुळ राहिलेला नाही. उंचवटे पातळ होतील, खोलगट भागाला धार लागणारही नाही, आणि ६ मिलिमीटरची भिंत एखाद्या जागी कागदासारखी होईल. लेथ बंद ठेवून हाताने घासावे. ड्रिलला लावायची मऊ गादी आणि तिच्यावर काचकागदाची चकती असेल तर काम सोपे होते, कारण गादी लहरींवरून वरखाली जाते. निजलेल्या तंतूंवर रंग मिलिमीटरचा अंशही खोल गेलेला नसतो. तो लवकर निघेल. डोळ्यांत निळा राहील, आणि आपल्याला तेच तर हवे होते. त्याआधी चपडीचे पॉलिश स्पिरिटने धुऊन काढावे, नाहीतर कागद लगेच भरतो.

हिरवा फारच चिकटून राहिला तर क्लोरीनचे साधे ब्लीच पातळ करून लावता येते. ते रंग फिका करते, लाकडाचा मूळ रंग सहसा बिघडवत नाही. धातूयुक्त रंग त्याला फारसे दाद देत नाहीत, तेव्हा तळाशी आधी करून पाहावे. त्यात दुसरे कोणतेही रसायन मिसळू नये, विशेषतः आम्ल आणि अमोनिया. वर सांगितलेले व्हिनेगरचे पाणीही त्याच दिवशी जवळ ठेवू नये. ब्लीचनंतर स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यावे. पाण्याने तंतू उभे राहतील, ते ३२० च्या कागदाने हलकेच कापून मग रंगाकडे वळावे. घासताना मुखपट्टी लावावी. या धुळीत आता लाकूड, रंग आणि चपडी अशी तिन्ही आहेत.

पुढच्या ठोकळ्यासाठी: आधी जाड कातावे, भिंत व्यासाच्या एक दशांश, म्हणजे आपल्या मापाला २ सेंटिमीटर ठेवावी. मग ढलप्या भरलेल्या कागदी पिशवीत बंद करून ठेवावे आणि दर आठवड्याला वजन करून पिशवीवर लिहावे. वजन उतरायचे थांबले की लाकूड त्या हवेला सरावले असे समजून शेवटचे कातकाम करावे. यात काही महिने जातात.

कोरडा भुसा

एक लहानशी पुरवणी. रंग आरपार हवा असेल, जसा पेनच्या किंवा सुरीच्या मुठीसाठी लागतो, तर वरून लावून भागत नाही. त्यासाठी छोटे तुकडे भट्टीत १०० अंश सेल्सियसच्या थोडे वर दिवसभर वाळवतात, उष्णतेने घट्ट होणाऱ्या रंगीत रेझिनमध्ये (राळेसारख्या द्रवात) बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत निर्वात ठेवतात, मग हवा आत सोडून बराच वेळ मुरू देतात आणि शेवटी ९० अंशांच्या आसपास भाजतात. वाडग्याच्या मापाला हा खटाटोप करू नये. आणि कोणी जवसाचे तेल वापरत असेल तर फडकी चुरगाळून टाकू नयेत. ती आपोआप पेटतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

नवखा कातारी

दोन आठवड्यांनी लिहीत आहे. आधी ठोकळ्याच्या उरलेल्या तुकड्यावर क्रम करून पाहिला आणि मगच वाडग्याला हात लावला. पॉलिश धुतले, मऊ गादीने घासले. हिरवा जवळजवळ सगळा निघाला, ब्लीचची गरज पडली नाही. डोळ्यांत निळा राहिला. खरखरीत जागा १५० च्या कागदाने बऱ्याच कमी झाल्या, तरी तळाजवळच्या पाचसहा तशाच आहेत. त्या पूर्ण काढायला गेलो असतो तर भिंत उरली नसती. या वेळी अंबर पाण्यातला घेतला, खूप पातळ, आणि दोन हातांत दिला. पाण्याने कालवलेला अंबर निळ्याला फारसा हलवत नाही, हे तुकड्यावर आधीच दिसले होते. वर चपडी कुंचल्याऐवजी फवाऱ्याने दिली. डोळ्यांतला निळा अजून स्पिरिटचाच आहे, ही धास्ती होती. ओघळ आला नाही.

सुपरग्लूचा डाग टोकदार सुरीने उकरून तेथे काळे इपॉक्सी भरले. कडेच्या लहरी राहिल्या आहेत. घरी ज्यांनी पाहिले त्यांना त्या मुद्दाम केल्यासारख्या वाटल्या आणि मी खुलासा केला नाही. दुसरा ठोकळा २ सेंटिमीटर जाडीचा कातून पिशवीत ठेवला आहे. पहिल्या आठवड्यातच त्याचे वजन ६४ ग्रॅम उतरले.